ठेवणीतलं वाण

डॉक्टर कालिंदी ठोसरांचा दवाखाना दसऱ्याला उघडला आणि दिवाळीपर्यंत त्याची पायरी तिघांनी चढली. पहिला गृहस्थ पत्ता विचारायला आला होता. दुसऱ्या बाईंना अक्कलदाढ काढून हवी होती. तिसरी शेजारची मांजर, आणि खरं सांगायचं तर बाळंतपणासाठी आलेली तेवढी एकटीच. टेबलाखालच्या खोक्यात तिने चार पिल्लं घातली आणि डॉक्टरीणबाईंकडे ढुंकूनही न बघता सगळं आपलं आपण उरकलं.

गोष्ट एकोणीसशे एक्कावन्नची. कालिंदीचं लग्न वैशाखात झालं, श्रावणात भालचंद्राची नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली. तार खात्यातली नोकरी, हुकूम आला की निघायचं. बेहाल्याला ट्राम संपते तिथून सात-आठ मिनिटांवर, तळ्याकाठच्या गल्लीत, शरच्चंद्रबाबू हालदारांच्या घरात त्यांनी वरच्या दोन खोल्या घेतल्या, आणि खालची रस्त्याकडची खोली कालिंदीच्या पाटीसाठी. मुंबईची एम.बी.बी.एस., बाळंतपणाच्या वॉर्डात दीड वर्ष काढलेलं, तीनशेवर मुलं तिच्या हातांवर जन्मलेली. पण हे बेहाल्याला कोण सांगणार? ती आपली खुर्चीत बसून माशा मारत होती, आणि तळं जवळ असल्यामुळे माशांना काही तोटा नव्हता.

घरमालक शरच्चंद्रबाबू म्हणजे देवमाणूस, पण त्यांच्याकडे होमिओपॅथीची पेटी होती. पेन्शनीत निघाल्यापासून ते व्हरांड्यात बसून गल्लीतल्या झाडून सगळ्यांना साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटायचे. फुकट, वर चहा. दवाखाना चालत नाही म्हणून कालिंदीचा चेहरा उतरलेला दिसला, तर एकदा त्यांनी तिलाही चार गोळ्या दिल्या. तिने त्या मुकाट्याने घेतल्याही.

त्यांच्या पत्नी हेमप्रभा, सगळ्या गल्लीच्या माशीमा, म्हणजे मावशी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कालिंदीची परीक्षा घेऊन टाकली होती.

"तुला स्वतःला किती झाली?"

"काय, माशीमा?"

"मुलं गं."

"अजून नाही."

"मग?" माशीमा म्हणाल्या. पोहायला न येणाऱ्याने पोहण्यावर पुस्तक लिहिलं तर आपण जसं 'मग?' म्हणू, तसंच. परीक्षा संपली, कालिंदी नापास.

नापास होण्याचं तिला एवढं काही वाटलं नसतं. पण त्या घरात वृंदा होती. हालदारांची सून, वीस वर्षांची, हसरी, दिवस गेलेली. कार्तिकातल्या एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने कालिंदीला सांगितलं, "मागच्या फाल्गुनात मुलगा झाला होता मला, दिदि. सात दिवस छान दूध प्यायला. आठव्या दिवशी तोंडच उघडेना. अंग असं मागे वाकलं. सगळे म्हणाले, पेंचोने धरलं."

पेंचो म्हणजे तान्ह्या बाळांना धरणारं भूत. कालिंदीने असली भुतं वॉर्डात पुष्कळ पाहिली होती, आणि त्या भुताला ती धनुर्वात म्हणायची.

"नाळ कशाने कापली होती गं?"

"बांबूच्या कपचीने. सगळ्यांची तशीच कापतात."

आणि इथे आमच्या हुशार डॉक्टरीणबाईंनी जन्मातला पहिल्या नंबरचा मूर्खपणा केला. तशीच खाली उतरली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, मोडक्यातोडक्या बंगालीत पण ठणठणीत आवाजात म्हणाली, "माशीमा, बाळ पेंचोने नाही नेलं, बांबूने नेलं. या वेळी बांबू नको."

ती कपची माशीमांनी स्वतः, परसातल्या बांबूच्या बेटातून तोडून, आपल्या हाताने तासून दिली होती, हे तिला कुठे माहीत होतं? वृंदाने रात्री रडत रडत सांगितलं, तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर सात आठवडे माशीमा तिच्याशी फक्त नळाच्या पाण्यापुरतं बोलल्या.

फाल्गुन जवळ येत होता. तेच घर, तीच कोळशाशेजारची अंधारी बाळंतिणीची खोली, तीच शकुन दाई, तोच बांबू. कालिंदीला दुसरं काही सुचेनासं झालं. दवाखाना गेला खड्ड्यात, पण एवढं एक मूल जायला नको होतं.

अशात जानेवारीत सासूबाईंचं पार्सल आलं. आत काळी चंद्रकळा, डबाभर तिळाच्या वड्या, कापसात गुंडाळलेले हलव्याचे दागिने आणि पत्र. 'तुझा पहिला संक्रांतसण. परमुलखात असलीस तरी चार बायका बोलावून हळदीकुंकू कर, वाण लूट.' पत्र वाचता वाचता कालिंदी ताडकन उठली.

मराठी बाईला एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर कळलेली असते. वाण नाकारायचं नसतं आणि आलेलं वाण परत करायचं नसतं. नको असलेली चहाची गाळणी, तिसरा आरसा, पाचवी कुंकवाची डबी, सगळं हसतमुखाने घरी न्यायचं. मग एखाद्या घरात आपल्याला पाऊल टाकू देत नसतील, तर वाणाला कोण अडवणार?

चार दिवस ठोसरांच्या स्वयंपाकघरात दुसरं काही शिजलं नाही. लग्नात आहेर आलेल्या मोदकपात्रात कालिंदीने कपड्यांच्या घड्या आणि दोऱ्याची लडी वाफवून घेतली, गरम इस्त्री फिरवून कोरडी केली. ब्लेडं उकळली. प्रत्येक पुडक्यात एक स्वच्छ कपडा, दोन दोरे, एक कोरं ब्लेड, एक साबणाची वडी. वरून तपकिरी कागद आणि लाल सुतळी. अशी सतरा पुडकी झाली.

"आमच्या आईने फण्या लुटल्या होत्या," भालचंद्र डोकावून म्हणाला.

"फणीने कुणाचं पोर वाचलंय का, अहो?"

"नाही. पण त्या फण्या लोकांनी घरात ठेवल्या. तुझं हे कुणी ठेवेल का, तेवढं बघ." तार खात्यातला माणूस, थोडक्यात बोलायचा. कालिंदीने त्याला मोदकपात्र घासायला दिलं.

शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या सतरा घरच्या बायका आल्या. मराठी सण कसा असतो ते बघायलाच आल्या, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. खालच्या खोलीतलं तपासायचं टेबल भिंतीला लावून सतरंजी अंथरली होती. आणि जिन्यावरून कालिंदी उतरली. अंगावर काळीभोर चंद्रकळा, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या.

खोली एकदम चिडीचूप झाली. माशीमांनी वृंदाचा पदर ओढून तिच्या पोटावर घेतला. कालिंदीला वाटलं, दागिने बघून दिपल्या बिचाऱ्या.

मग मात्र मजा आली. सान्यालांच्या चार वर्षांच्या नातीने कालिंदीची एक बांगडी मनगटावरच कुरतडून खाल्ली, तेव्हा सगळ्या खळखळून हसल्या. तिळाच्या वड्या वाटून झाल्या. कुंकू लावून झालं. शेवटी कालिंदीने एकेकीच्या ओटीत पुडकं घातलं आणि पाठ केलेलं बंगाली भाषण म्हणून दाखवलं. यात ब्लेड आहे, दोरा आहे, घरात बाळ होणार असेल तर आतापासून जपून ठेवा, नाळ यानेच कापा.

दुसऱ्याच्या घरी त्याचा सण चालू असताना तुझं चुकतंय म्हणून सांगतील, अशा त्या बायका नव्हत्या. सगळ्या पुडकी घेऊन गोड हसत गेल्या. त्या रात्री कालिंदी डाराडूर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच सान्यालांची सून आली. एका हातात झाकलेली बशी, दुसऱ्या हातात पुडकं. "आमच्याकडे ठेवायला जागाच नाही हो, दिदि," ती म्हणाली. बशीत खोबरं-गुळाच्या सारणाचे तांदळाचे पाटीसापटे होते. ती वळते न वळते तोच दुसरी. त्यांच्या घरी म्हणे उंदीर फार. तिसरीचा नवरा विसरभोळा, ब्लेडने दाढी करून मोकळा होईल. चौथीने कारणच दिलं नाही, फक्त बशी जरा मोठी आणली. रिकामी बशी परत देणं मराठी माणसाला जमत नाही, म्हणून कालिंदी प्रत्येकीत उरल्यासुरल्या वड्या घालत गेली. दुपारपर्यंत टेबलावर सोळा पुडकी परत आली होती आणि भालचंद्र सातवा पाटीसापटा खात होता.

"तारेचा मजकूर समजला," तो म्हणाला, पण तिचा चेहरा बघून त्याने आठवा खाली ठेवला.

तेवढ्यात शकुन दाई समोरून जाताना दिसली. मूळची मुंगेरकडची, साठीची, काटकुळी. अर्धं बेहाला तिच्या हातावर जन्मलं होतं. कालिंदी तिरीमिरीत बाहेर गेली. "तुम्हीच फितवलंत ना सगळ्यांना, शकुनबाई?"

शकुन पायरीवर टेकली आणि हसली. तोंडात पाचच दात, पण हसणं पुरेपूर. "मी कशाला फितवू, डाक्टरनी? तुम्ही काय काय केलंत, मोजू का? पोटुशा बायकांसमोर काळं नेसून आलात. सणाच्या दिवशी हातात पातं दिलंत, पात्याने माया तुटते म्हणतात. आणि बाळ यायच्या आधी बाळाचं सामान घरात ठेवा म्हणालात. इथे कुणी आधी टाचणीसुद्धा आणत नाही. आणलं की नजर लागते."

"कुणीच नाही आणत?"

"एकीने आणलं होतं." शकुनचं हसणं ओसरलं. "हालदारीणबाईने. पहिला नातू म्हणून मागच्या वर्षी आधीच झबली शिवली, कांथ्याची गोधडी शिवायला घेतली. सगळ्या गल्लीने नको म्हटलं होतं. आठव्या दिवशी पोर गेलं. ती आजही म्हणते, माझ्या घाईने गेलं."

कालिंदी तिथेच पायरीवर बसली आणि रडली. डॉक्टर, पदवीधर, भर रस्त्यावर. सात दिवस दूध पिऊन गेलेल्या नातवाचा दोष ती म्हातारी आधीच आपल्या माथ्यावर घेऊन बसली होती, आणि आपण स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यावर बांबूही ठेवून आलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण असा मारुती तिने कधी पाहिला नव्हता. शकुनने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात खरबरीत होता आणि त्याला पाठ कशी चोळायची ते चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी दिवे लागल्यावर माशीमा स्वतः आल्या. सतरावं पुडकं त्यांच्या हातात होतं. बशी नव्हती. काखेत मात्र जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं.

"तुमच्यात हे परत करत नाहीत म्हणे," त्या पुडक्याकडे बघत म्हणाल्या. "वृंदा सांगत होती."

"नाही करत, माशीमा. पण तुम्ही करा. माझं चुकलं. हे आणि ते, दोन्ही."

'ते' कुठलं, हे माशीमांना कळलं. मग पुडकं त्यांनी टेबलावर ठेवलं, इतरांच्या ढिगात नाही, बाजूला.

"मी परत करत नाहीये. ठेवायला देतेय. माझ्या घरात हे राहायला नको. तुझं घर वेगळं, तुझे देव वेगळे. तुझ्याकडे राहू दे." मग काखेतलं गाठोडंही त्यांनी पुढे केलं. "आणि हे पण. उघडू नकोस."

कालिंदीने दोन्ही कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवली. तिने ते गाठोडं उघडलं नाही, हाताने चाचपूनही पाहिलं नाही, आणि तिच्यासारख्या बाईच्या बाबतीत हे फारच झालं.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी दुपारी तीनला दारात माशीमा उभ्या राहिल्या. केस सुटलेले, हात पुढे.

"माझं ठेवलेलं दे."

कालिंदीने कपाट उघडलं. पुडकं हातात घेतलं आणि तिथेच थबकली. हे दिलं की पुडकं जाईल आणि आपण इथेच राहू. त्या अंधाऱ्या खोलीत ते कुणी नीट उघडेल? कुठल्या हातांनी? दरवाजातला तो हात अजून पुढेच होता.

"माशीमा, आमच्यात वाण असं दारातून देत नाहीत," ती म्हणाली. "ज्याचं वाण त्याने घरी जाऊन, कुंकू लावून, आपल्या हाताने द्यायचं असतं."

माशीमांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "हे आत्ताच रचलंस ना?"

"हो."

माशीमांनी तिची साडी वरपासून खालपर्यंत बघून घेतली. पिवळी होती.

"चल," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात शरच्चंद्रबाबू पेटी उघडून बसले होते आणि दर पाच मिनिटांनी आत गोळ्यांची नावं ओरडून सुचवत होते. कोळशाशेजारच्या खोलीत वृंदा, आणि तिच्या पायाशी शकुन. कालिंदीने आधी वृंदाच्या कपाळाला कुंकू लावलं, कारण रचलेला असला तरी तो नियम होता. मग कोपरापर्यंत हात धुवायला बसली. घड्याळ लावून पाच मिनिटं.

"डाक्टरनी, तुमचं होईतो पोर चालत बाहेर येईल," शकुन म्हणाली.

"तुम्हीही धुवा, शकुनबाई. ही घ्या वडी. तुमची नखं वाढलीयेत, ती आधी कापा."

"साठ वर्षांत मला कुणी नखं काप म्हणालं नव्हतं." पण वृंदाच हुंदके देता देता हसायला लागली आणि म्हणाली, "धुवा ना, आजी." तेव्हा शकुनने धुतले, कुरकुरत, पण रगडून धुतले.

पुढचा तासभर दोघी शेजारी शेजारी बसल्या. डोकं दिसलं, आणि गळ्याभोवती नाळेचा वेढा आहे हे कालिंदीच्या लक्षात येऊन ती तोंड उघडते, तोवर शकुनच्या बोटांनी तो वेढा डोक्यावरून असा काही सोडवला, की जणू पोराच्या गळ्यातली माळ काढावी. कालिंदी बघतच राहिली. वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनाही तिने हे इतक्या हलक्या हाताने करताना पाहिलं नव्हतं, आणि ते तिने मोठ्याने बोलून दाखवलं. शकुनचे पाचही दात दिसले.

मुलगी झाली. रडली ती अशी, की व्हरांड्यात पेटीचं झाकण आपटलं.

आणि शकुनचा हात सवयीने कमरेकडे गेला. तिथे कपची खोचलेली होती. कालिंदी काही बोलणार, इतक्यात मागून आवाज आला.

"ते नको, शकुन," माशीमा म्हणाल्या. "ठेवणीतलं काढा."

लाल सुतळी त्यांनी स्वतः सोडली.

यानंतरचे आठ दिवस कालिंदीने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना, तेव्हा ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत धावली, आणि बाळ आपलं पोट भरून गाढ झोपलेलं होतं. पाचव्या दिवशी तिने सात चकरा मारल्या. सातव्या रात्री भालचंद्र म्हणाला, "झोप आता," आणि मग तोही जागाच राहिला.

आठवा दिवस उजाडला. सकाळी बाळाने तोंड चांगलं वासून जांभई दिली, आणि ती जांभई बघून कालिंदीचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी हालदारांच्या अंगणात गल्लीतली पोरं जमली. आठव्या दिवशी तिकडे पोरं काठ्यांनी सूप बडवतात, आणि त्यांना लाह्या, मुरमुरे, फुटाणे असले आठ प्रकार वाटतात. मुलीसाठी एवढा थाट कशाला, असं कुणी तरी पुटपुटलं. "मी करतेय, तुला काय त्याचं?" माशीमा म्हणाल्या, आणि सुपाचा आवाज दुप्पट झाला.

त्या गलबल्यात सान्यालांची सून कालिंदीला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "दिदि, आमचं पुडकं आहे ना अजून? आम्ही परत नव्हतं हं केलं. ठेवायलाच दिलं होतं. वैशाखात लागेल." तिच्या मागे उंदीरवाली उभी होती आणि तिच्याही मागे कुणीतरी.

कालिंदी पुडकी मोजायला दवाखान्यात आली. पाठोपाठ माशीमा.

"माझं दुसरं ठेवलेलं दे."

कालिंदीने गाठोडं काढून दिलं. माशीमा पेशंटच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी गाठ सोडली. दोन झबली, एक टोपडं, आणि मऊ जुन्या लुगड्यांचा कांथा. निळ्या-तांबड्या दोऱ्याने त्यावर मासे, कमळं, हत्ती भरले होते. फक्त एका कोपऱ्यातला हत्ती अर्धा होता. मागचे पाय होते, सोंड नव्हती. गेल्या फाल्गुनात आठव्या दिवशी सुई तिथेच थांबली होती. दोऱ्याचं टोक अजून लोंबत होतं.

माशीमांनी ते टोक बोटात धरलं.

"सुई आहे का गं तुझ्याकडे?"

वरच्या मजल्यावर शिवणाचा डबा होता. पण कालिंदीला तेवढंही थांबवेना. तिने टेबलाच्या खणातली टाके घालायची सुई उकळत्या पाण्यातून काढून, पुसून त्यांच्या हातावर ठेवली. माशीमांनी ती दिव्यासमोर धरून उलटसुलट पाहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना काही घाई नव्हती.

"एवढी शिकलीस," त्या म्हणाल्या, "आणि सुई वाकडीच?"

आणि बाहेर सूप वाजत असताना त्यांनी सोंडेला सुरुवात केली.